गोठ्यातली स्पोर्ट्स कार

प्रत्येक गावात अशी एक गाडी असतेच. ताडपत्रीखाली झाकलेली, चारही टायर बसलेले, टपावर कोंबड्यांची वसाहत. येणारा-जाणारा म्हणतो, 'काढू एखाद दिवशी.' तो दिवस काही उगवत नाही. आठवून बघा, तुमच्याही गावात असेल.

आमच्या बोरी अरबला ती मोठ्या बाबांच्या गोठ्यात होती. प्रीमियर पद्मिनी, आरसी बुकावर साल १९७४, नंबर प्लेटवर जुन्या पद्धतीची तीन अक्षरं. कापसाला बरा भाव मिळाला अशा एका वर्षी मोठ्या बाबांनी ती सेकंड हँड घेतली होती. आमच्या घरातल्या तीन नवऱ्या तिच्यातूनच सासरी गेल्या. मग तिचा क्लच गेला, मग बॅटरी गेली, मग मोठ्या बाबांची नजर अधू झाली. दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला थांबली ती थांबलीच, तशीच आमची पद्मिनीही.

मला ती चालू करायची होती. कारण? खरं सांगते, रील्स. बाहेरच्या देशांतली माझ्याच वयाची पोरं जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतात, घरामागच्या गॅरेजमध्ये सहा महिने खपतात आणि रविवारी थेट ट्रॅकवर. मला वाटलं, आपल्याकडे गॅरेज नाही, पण गोठा तर आहे!

मोठ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ने तुले पायजे त. पण इकू नको."

दादाचा गुडघा

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं हौसेचं वाटेल.

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास त्याने आणि त्याच्या मित्रांनी रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर बाइकची 'रेस' लावली. मागच्या गाडीवरचा व्हिडिओ काढत होता. रस्त्यात वाळूचा पट्टा होता, तो दादाला दिसला नाही. डावा गुडघा तीन ठिकाणी मोडला. दोन ऑपरेशनं झाली. त्या वर्षीचा मावशीचा अख्खा कापूस दवाखान्यात गेला. दादा चालतो आता, पण गुडघा पूर्ण वाकत नाही. बाइक चालवणं बंद, नोकरीची फिजिकल परीक्षा बंद.

त्या रात्री एकालाही माहीत नव्हतं, की आपण करतोय तो गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ बघा. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. मावशीचा हिशोब लाखांत गेला.

ताडपत्री काढायच्या दिवशी दादा काठी टेकत गोठ्यात आला आणि शेणाच्या टोपलीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात पाना होता.

फियाटचं घराणं

'पद्मिनी आणि स्पोर्ट्स कार?' असं म्हणून हसू नका. थोडा इतिहास ऐका.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाटच्या गाड्या बनू लागल्या. आपली पद्मिनी ही इटलीत १९५३ मध्ये आलेल्या फियाट ११००-१०३ च्या घराण्यातली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकहूनही कमी. गिअरची दांडी स्टिअरिंगखाली, पुढची सीट सोफ्यासारखी एकसंध. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही तिला ओळखता. त्यातली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

पण याच घराण्यातल्या गाड्या इटलीच्या 'मिले मिलिया'त पळाल्या आहेत. ब्रेशिया ते रोम आणि परत, अशी हजार मैलांची ही शर्यत साध्या रस्त्यांवर व्हायची. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरही आपल्याकडच्या फियाट, हेराल्ड, अँबेसेडर एकमेकींना भिडायच्या. लग्नाला नेणारी गाडीच रेसला न्यायची, अशी तेव्हाची रीत. वेगळी स्पोर्ट्स कार परवडत होती कोणाला?

मिले मिलियाचं पुढे काय झालं, हे मात्र दादाने शोधून काढलं. १९५७ मध्ये एका गाडीचा टायर फुटला आणि ती गर्दीत घुसली. चालक, सहचालक आणि नऊ प्रेक्षक गेले. त्यांत पाच लहान मुलं होती. रस्त्यावरची वेगाची शर्यत तिथेच संपली. १९७७ पासून ती जुन्या गाड्यांसाठी पुन्हा सुरू झाली, पण वेगळ्या नियमाने. आता जिंकतो तो सगळ्यात जोरात पळणारा नाही, तर ठरलेल्या सेकंदाला ठरलेल्या जागी पोहोचणारा.

दादाने हे वाचून दाखवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आधी थांबायला शिकव

आम्ही दोघंही मेकॅनिक नाही. दारव्ह्याचे एक मिस्त्री आहेत, साठी उलटलेले. पद्मिनी म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. मी विचारलं, "इंजिन कधी चालू करायचं?" ते म्हणाले, "पयले थांबाले शिकव तिले. मंग पयाले."

म्हणजे ब्रेक आधी. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. इतकी वर्षं उभी राहिल्यावर व्हील सिलिंडरमधली रबरं फुगतात, पिस्टन गंजून अडकतात. ते सगळं उघडून, घासून, नवे किट टाकले. पाइपही बदलले. त्यात पहिला महिना गेला. गाडी अजून एक इंचही हलली नव्हती.

मग इंजिन. हातात चावी आली की स्टार्टर मारायची घाई होते. ती करू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. आम्ही चारही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. मग पुलीला पाना लावून हाताने हळूच फिरवलं. आधी हललं नाही. मग एक 'चर्र' आवाज आला आणि फिरलं. गोठ्यात टाळ्या वाजल्या. म्हैस बिथरली.

पेट्रोलची टाकी उघडली, तर आत गंजाचा चहा झालेला. टाकी काढून धुतली. कार्ब्युरेटर उकलून जेट साफ केले. रबरी पाइप सगळे नवे घातले. त्याचं कारण लक्षात ठेवा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही. पाइप मऊ पडतो, गळतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं होतं. ते दादाने केलं, एका जागी बसून करायचं काम म्हणून. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर नंबर. मी त्याला इतका शांत बसलेला आयुष्यात पाहिला नव्हता.

सगळ्यात जास्त पैसा पत्र्याने खाल्ला. वरचा रंग बरा दिसतो म्हणून फसू नका. पायाखालची मॅट उचला आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आमचा स्क्रू-ड्रायव्हर थेट गोठ्याच्या जमिनीत गेला. तळाचा पत्रा दोन्ही बाजूंनी कापून नवा वेल्ड केला. सुटे भाग कुठून? काही मिस्त्रींच्या माळ्यावरून, काही मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या दुकानांतून एका मैत्रिणीने पाठवले, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून मिळाले.

हिशोबाची वही समोर आहे. पत्रा-वेल्डिंग २१ हजार, ब्रेक साडेसात, क्लच सहा, वायरिंग आणि बॅटरी नऊ, टायर-ट्यूब १४, बाकी किरकोळ. मजुरी धरून ६८ हजारांपर्यंत गेलं. माझा स्टायपेंड, दादाची वायरिंगची बाहेरची कामं आणि मोठ्या बाबांनी "सोयाबीनचे हायेत, घे" म्हणून दिलेले १० हजार. रंग अजून दिलेला नाही. देणारही नाही लवकर.

मग रेस कुठे?

गाडी चालू झाली. आता ट्रॅक! असं मला वाटलं होतं. तिथे दोन भिंती लागल्या.

पहिली भिंत कागदाची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी 'व्हीए' मालिकेचा नंबर घेऊन नोंदवता येते. पण तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत आणि ती रोजच्या वापरालाही चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आम्हाला मोठ्या बाबांना तिच्यातून बाजाराला न्यायचं होतं. म्हणून आम्ही साध्या नोंदणीचं नूतनीकरण निवडलं. त्यासाठी फिटनेस तपासणी आणि वीस वर्षांवरच्या कारला २०२५ पासून १० हजार रुपये फी. विमा आणि पीयूसी वेगळं.

रेसच्या गाडीला काय लागतं? आत लोखंडी नळ्यांचा रोल केज, रेसिंग सीट, हार्नेस. जुनी गाडी तशी कापली, की ती मूळ रूपात राहत नाही. आणि कंपनीने दिलेल्या रूपात असे बदल केलेली गाडी कायद्याने रस्त्यावरही आणता येत नाही. म्हणजे दोन्ही स्वप्नं एकाच गाडीत मावत नाहीत. जपायची ती जपा, रेस दुसऱ्या गाडीत शिका. मला हे कळायला सहा महिने लागले. तुम्हाला सहा मिनिटांत सांगतेय.

दुसरी भिंत अंतराची. गाड्यांचे मोठे ट्रॅक चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला. बोरी अरबहून चेन्नई सुमारे हजार किलोमीटर!

पण थांबा. आपल्याकडे शंकरपट असतोच की. पटात काय होतं? जोडी सुटते, घड्याळ सेकंद मोजतं, कमी वेळेची जोडी जिंकते. गाड्यांमध्ये याच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळं मैदान, शंकू मांडून आखलेला मार्ग, एका वेळी एकच गाडी, तिची लढत घड्याळाशी. समोरून ट्रक यायचा प्रश्न नाही. वेग बेताचा, पण वळणं इतकी, की दोन मिनिटांत घाम फुटतो. धुरकऱ्याला विचारा, बैल नुसते पळवून पट जिंकता येतो का? हात कधी ढिला सोडायचा, हे कळावं लागतं. इथेही तेच.

गाडी चालवण्याचं मूळ गणित कार्टिंगमध्ये सर्वांत स्वस्तात कळतं. मी पहिल्यांदा कार्टमध्ये बसले, तेव्हा प्रत्येक वळणावर गोल फिरले. मग शिकवणाऱ्याने समजावलं ते असं : टायरची पकड म्हणजे पॉकेटमनी. सगळा ब्रेकवर उडवला, तर वळायला काही उरत नाही. म्हणून ब्रेक सरळ रेषेत मारा, मग सोडत सोडत वळा, वळणाच्या आतल्या टोकाला चाटून बाहेर पडताना हळूहळू ॲक्सिलरेटर द्या. आणि नजर शंकूवर नको, जिथे जायचंय तिथे ठेवा. गाडी नजरेमागून जाते. हे ऐकून दादा एवढंच म्हणाला, "त्या रात्री मी मागच्या मोबाइलकडे पाहत होतो."

खिसा छोटा, तरी रस्ता आहे

रेसिंग हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे खोटं नाही. पण स्वस्त वाटा शोधणारेही इथेच झालेत. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन बसवून 'फॉर्म्युला मारुती' ही एकाच सीटची रेसकार बनवली. सगळ्यांना सारखं आणि गल्लीतल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल असं इंजिन. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नरेन कार्तिकेयन याची सुरुवात त्याच गाडीतून झाली.

आपल्या महाराष्ट्रातलीच उदाहरणं घ्या. पुण्याच्या डायना पंडोले शिक्षिका, दोन मुलांच्या आई. २०२४ मध्ये सलून कारचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. महिलांसाठीच्या एका निवड शिबिरातून त्या या खेळात आल्या. पुण्याचेच संजय टकले मोटरसायकलच्या मोटोक्रॉसमधून वर आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियात 'डकार क्लासिक' पूर्ण करून परतले. जुन्या गाड्यांची ही रॅली वाळवंटातली. तिथेही जिंकायचं असतं ते ठरलेल्या सरासरी वेगाला चिकटून. पुन्हा तेच, सेकंदाचं गणित!

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर एवढं बघा :

- गाडी घेण्याआधी कागद बघा. आरसी बुक नसलेली पद्मिनी फुकट मिळाली तरी महाग. आधी आरटीओत नोंद तपासा, मग पत्रा टोचा.
- क्रम पाळा. ब्रेक, पेट्रोलची लाइन, वायरिंग, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी.
- कार्टिंगपासून सुरू करा. मोठ्या शहरांत भाड्याचे कार्ट ट्रॅक आहेत. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर तर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत.
- इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजची टीम गाठा. 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेत विद्यार्थी स्वतः बनवलेली गाडी पळवतात. इंदूरजवळचं पिथमपूर आपल्याला चेन्नईपेक्षा कितीतरी जवळ. वेल्डिंगही शिकाल, ड्रायव्हिंगही.
- अधिकृत स्पर्धाच निवडा. देशातल्या मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते. तिची मान्यता आहे का आणि लायसन्स कोणतं लागेल, हे पैसे भरण्याआधी विचारा. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, हेल्मेटमध्ये नको.
- टीएसडी रॅली शोधा. टाइम-स्पीड-डिस्टन्स. केज लागत नाही, साधी गाडी चालते, वेग मर्यादेतच असतो.

३६ ची सरासरी

आमचं सध्या हेच चाललंय. टीएसडीमध्ये गाडीत दोघं असतात, चालक आणि नॅव्हिगेटर. नॅव्हिगेटरच्या हातात रोडबुक : कुठे वळायचं, कोणत्या टप्प्यात किती सरासरी ठेवायची. वेळ कुठे नोंदली जाईल, हे आधी सांगत नाहीत. उशिरा पोहोचलात तर गुण जातात. लवकर पोहोचलात तरी जातात.

पद्मिनीचा क्लच जड आहे. दादाच्या डाव्या गुडघ्याला तो दबत नाही. हे आम्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण बोललं कोणीच नव्हतं. इंजिन चालू झालं त्या संध्याकाळी तो ड्रायव्हरच्या दारापाशी आला, हँडलला हात लावला, थोडा थांबला. मग बॉनेटला वळसा घालून डावीकडे जाऊन बसला आणि म्हणाला, "कॅल्क्युलेटर दे."

आता दर रविवारी पहाटे गावाबाहेरून दारव्ह्याच्या दिशेने ९ किलोमीटर. सरासरी ३६, म्हणजे मिनिटाला ६०० मीटर, बरोबर १५ मिनिटं. ऐकायला किती सोपं! पण मध्ये म्हशी येतात, एसटी येते, कापसाच्या गाड्या येतात. थांबलात की गेलेले सेकंद भरून काढायचे, पण वेगाची मर्यादा न ओलांडता. दादाने प्रत्येक किलोमीटरच्या दगडाला किती सेकंद व्हायला हवेत, याचा तक्ता केलाय. एकदा मोठे बाबाही मागच्या सीटवर होते. ते अख्खा वेळ एकच म्हणत होते, "हे रेस होय? बैलगाडी बरी!"

गेल्या रविवारी रस्ता अगदी मोकळा मिळाला. गाडी मस्त गुणगुणत होती, गार वारा, डावीकडे कापूस फुटलेला. मला राहवलं नाही. शेवटच्या दोन किलोमीटरला पाय थोडा जास्त पडला. ठरलेल्या बाभळीपाशी गाडी थांबवली आणि मी विजेत्यासारखी दादाकडे पाहिलं.

त्याने घड्याळ दाखवलं. १४ मिनिटं २० सेकंद.

"चाळीस सेकंद लवकर," तो म्हणाला. "गुण गेले बे. वळव गाडी, पुन्हा करू."